जपानला निघण्यापूर्वीचा शनिवारचा वर्ग : तीन वर्षांनी परतल्यावर दिलेला अभिप्राय

छत्रपती संभाजीनगरात जपानी भाषा शिकवणाऱ्या एका संस्थेत भाषेच्या तासांना जोडून दर शनिवारी आणखी एक वर्ग भरतो. जपानमधल्या शहरात रोजचे राहणे कसे असते, तिथले रीतिरिवाज कोणते, एवढाच त्याचा विषय. मी मूळची अंबाजोगाईची. नर्सिंगचे शिक्षण झाल्यावर 'काइगो', म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषेचे काम मिळवून फुकुओका शहरात तीन वर्षे राहून आले. निघण्यापूर्वी मी हा वर्ग पूर्ण केला होता : बारा शनिवार, प्रत्येकी दोन तास, शुल्क सहा हजार रुपये. त्याच वेळी मत विचारले असते तर मी पाचपैकी पाच गुण दिले असते. आज साडेतीन देते. लातूर, नांदेड, परभणीकडची अनेक मुले-मुली सध्या असे वर्ग शोधत आहेत, म्हणून त्यामागची कारणे सविस्तर लिहिते.

वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे शिकवणाऱ्या बाई. त्या अनेक वर्षे टोकियोत राहिलेल्या असल्याने नुसता नियम सांगून थांबत नाहीत, त्यामागचे कारणही सांगतात. जेवताना भातात चॉपस्टिक उभ्या रोवू नयेत, कारण मृतासमोर ठेवलेल्या भातात त्या तशा रोवतात. आणि एकाच्या चॉपस्टिकवरून दुसऱ्याच्या चॉपस्टिकवर घास देऊ नये, कारण दहनानंतर अस्थी तशाच उचलून देतात. दहाव्याचे पिंड पाहिलेल्या आमच्या वर्गाला यापुढे काही समजावून सांगावे लागले नाही. अंघोळीचेही तसेच. टबातले गरम पाणी घरातल्या सगळ्यांसाठी एकच असते, म्हणून आधी बाहेर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच पाण्यात उतरायचे, हे त्यांनी प्लास्टिकचे स्टूल आणि बादली वर्गात आणून प्रत्यक्ष दाखवले. शुश्रूषा केंद्रात आजी-आजोबांना अंघोळ घालताना हा धडा मला अक्षरशः रोज उपयोगी पडला.

कागदपत्रांचा भागही चोख होता. राहण्याचा पत्ता ठरल्यापासून 14 दिवसांत नगरपालिकेच्या कार्यालयात नोंद करायची, दवाखान्यात आरोग्य विमा असला तरी साधारण 30 टक्के खर्च आपण भरायचा, पोलिसांसाठी 110 आणि रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलासाठी 119 हे क्रमांक लक्षात ठेवायचे. तिथली वीज 100 व्होल्टची असल्याने घरचा मिक्सर नेऊ नका, हेही बाईंनी बजावले होते. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने तरीही नेला आणि तो तीन वर्षे कपाटातच पडून राहिला.

उणीव अशी की वर्गात शिकवले जाते ते सगळे टोकियोचे, आणि सांगितले मात्र जाते 'जपानमध्ये असे असते' म्हणून. कचरा पारदर्शक पिशवीत भरून ठरलेल्या दिवशी सकाळी आठच्या आत ठेवायचा, असे मी वहीत लिहून घेतले होते. फुकुओकात पोहोचल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी पहाटे उठून ओला-सुका कचरा वेगळा केला आणि साडेसातला पिशवी खाली नेऊन ठेवली. संध्याकाळी कामावरून आले, तर पिशवी तिथेच. तिच्यावर एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावरची एकही ओळ मला वाचता येत नव्हती. मी ती पिशवी उचलून पुन्हा तिसऱ्या मजल्यावर आणली. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या एका आजोबांनी मला थांबवले, आकाशाकडे बोट दाखवत 'योरू, योरू' म्हणाले आणि घरातून एक लाल छपाईची पिशवी आणून माझ्या हातात ठेवली. योरू म्हणजे रात्र. फुकुओकात कचरा सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत ठेवायचा असतो आणि तो रात्रीतूनच उचलला जातो. पिशव्याही शहराने ठरवून दिलेल्याच लागतात : जळणाऱ्या कचऱ्याला लाल, न जळणाऱ्याला निळी, काचेच्या आणि प्लास्टिकच्या बाटल्यांना पिवळी. 45 लिटरच्या लाल पिशवीला 45 येन पडतात, कारण कचरा उचलण्याचे शुल्क त्यातच धरलेले असते. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा जातो, बाकीचे दोन्ही महिन्यातून एकदाच; वार चुकला की बाटल्या महिनाभर घरात. शेजाऱ्यांचे आपल्याविषयीचे पहिले मत याच कोपऱ्यावर तयार होते, म्हणून ही चूक मला फार लागली.

प्रवासाचेही असेच झाले. वर्गात लोकलगाडीतली शिस्त दोन शनिवार शिकवली. फुकुओकात माझा सगळा प्रवास बसचा होता. तिथे मधल्या दाराने चढून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर त्या क्रमांकासमोरचे भाडे पाहायचे आणि पुढच्या दाराने उतरताना ते पेटीत टाकायचे. एसटीत कंडक्टर जागेवर येऊन तिकीट देतो, अशी सवय असलेल्या माणसाला हे आधी कोणी सांगितलेलेच बरे.

आणखी एक तक्रार जास्त गंभीर आहे. आमच्याबरोबर माळकरी घरातल्या दोन मुली होत्या. त्यांना 'भाज्यांचे सूप किंवा भाज्या घातलेले नूडल्स मागा' एवढेच सांगण्यात आले. त्या सूपचा पायाच बहुधा 'दाशी' असतो आणि दाशी अनेकदा वाळवलेल्या माशाची असते, हे त्यांना तिथे गेल्यावर कळले. त्यातली एक आठवडाभर नीट जेवली नाही. ही माहिती पहिल्याच शनिवारी द्यायला हवी.

शहराच्या स्वतःच्या चालीरीतींना तर वर्गात जागाच नव्हती. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात हाकाता भागात गिओन यामाकासा हा उत्सव असतो. त्या दिवसांत आमच्या केंद्रातले एक आजोबा ताटातली काकडी बाजूला काढून ठेवत. चावत नसेल असे समजून मी ती अगदी बारीक चिरून दिली, तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडून नको म्हटले. सहकाऱ्याने नंतर सांगितले : काकडीची आडवी चकती कुशिदा देवस्थानातल्या गिओन देवाच्या चिन्हासारखी दिसते, म्हणून उत्सवात भाग घेणारे लोक उत्सव संपेपर्यंत काकडी खात नाहीत. आजोबा तरुणपणी उत्सवातला रथ खांद्यावर घेऊन धावलेले होते. माझ्या आजीने चातुर्मासात कांदा सोडलेला मी लहानपणापासून पाहत आले आहे. दुसऱ्या दिवशी आजोबांशी त्याविषयी बोलले आणि त्यानंतर ते मला नावाने हाक मारू लागले.

भाषेची परीक्षा देऊन निघणाऱ्यांनी हा वर्ग जरूर करावा, कारण बाईंसारखे कारणासकट शिकवणारे माणूस सहज मिळत नाही. मात्र नेमणुकीचे शहर पहिल्याच दिवशी सांगावे, त्या शहराचा कचऱ्याचा तक्ता मागून घ्यावा आणि तिथे राहून आलेल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याशी बोलणे करून द्यावे, असा आग्रह धरावा. माझा तीन रंगांचा तक्ता मी परत आल्यावर संस्थेला देऊन आले. गेल्या महिन्यात पुन्हा गेले, तेव्हा तो वर्गाच्या भिंतीवर लावलेला होता आणि वर लिहिले होते 'जपानमधील कचरा व्यवस्था'. तिथे 'फुकुओका' असे लिहावे आणि शेजारी टोकियोचाही तक्ता लावावा, असे बाईंना सांगितले. त्यांनी लगेच खडू बाजूला ठेवून पेन मागवला.