गावचं जुनं चर्च: पुरातत्त्व खात्याकडे द्यावं, आपण दुरुस्त करावं की पाडून नवं बांधावं?

वसईपासून गोव्यापर्यंतच्या पट्ट्यात हा विषय कुठल्या ना कुठल्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चभोवतीच्या ख्रिस्ती समाजाच्या, बैठकीत निघतोच. चर्च शे-दोनशे वर्षांचं, छप्पर गळतंय, भिंतींना ओल, आणि सणाच्या मिस्सेला (सामूहिक प्रार्थनाविधीला) निम्मी माणसं बाहेर मांडवात. मग तीन तट पडतात. एकाचं म्हणणं, सरकारकडे द्या, निदान टिकेल तरी. दुसऱ्याचं, आपलं आपण बघू. तिसरा तट तरुणांचा, आणि बहुतेक वेळा मोठा: पाडा आणि ऐसपैस बांधा. हात वर करण्याआधी या तिन्ही वाटांनी गेलेल्या वास्तूंचं पुढे काय झालं ते बघून यावं. जवळपास सगळी उदाहरणं आपल्याच किनाऱ्यावर आहेत.

खात्याकडे दिलं तर

केंद्राचा 1958चा प्राचीन स्मारकांचा कायदा किमान 100 वर्षं जुन्या आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंना लागू होतो. म्हणजे आपण अर्ज केला आणि खात्याने घेतलं, इतकं ते सोपं नाही. देशभरात मिळून अशी स्मारकं 3600 हून थोडी अधिक आहेत. महाराष्ट्र राज्याचा 1960चा वेगळा कायदा आहे, गावच्या चर्चसाठी तो दरवाजा आधी ठोठवावा.

केंद्राचं संरक्षण मिळालं तर मोठा फायदा एकच, पण भक्कम: उद्या कुठलीही कमिटी आली तरी ते चर्च पाडू शकत नाही. किंमत मात्र शेजारी मोजतात. 2010च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या 200 मीटरला परवानगी हवी. गावठाणात 100 मीटर म्हणजे चांगली वीस-पंचवीस घरं, आणि ती सगळी काही ख्रिस्ती लोकांची नसतात. अधिसूचनेवर हरकतीला दोन महिने मिळतात. तोपर्यंत थांबू नका, आधीच घरोघर जाऊन सांगा. नाहीतर चर्च वाचेल आणि गावात बोलणं बंद होईल.

‘खात्याने घेतलं की कुलूप लागतं’ ही भीती मात्र खोटी. जुन्या गोव्याची बॉम जेझू बॅसिलिका संरक्षित स्मारक आहे, 1986पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिथे मिस्सा होतेच. तिथेच ठेवलेल्या सेंट झेवियरच्या शवाच्या दर्शनाला 2024च्या नोव्हेंबरपासून दीड महिना लोकांची रीघ होती.

पण याच बॅसिलिकेच्या भिंतीपाशी जरा थांबा, कारण खरा धडा तिथे आहे. 1605मध्ये ती पूर्ण झाली तेव्हा जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. 1950च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांनी तो उतरवला; वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून, असं सांगतात. झालं असं की आज फोटोत दिसणारा तो तांबडा दगड म्हणजेच मूळ रूप, असं सगळ्यांना वाटतं. जांभा सच्छिद्र. त्याच्या अंगावर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो पाणी पीत राहतो, कडा झिजत राहतात. दर्शनी भागातलं कोरीवकाम मात्र काळ्या बसाल्टचं आहे. हा दगड थेट वसईहून नेला असं मानतात, आणि त्याला पावसाने फारसं काही केलेलं नाही. गिलावा परत चढवावा ही मागणी बरीच जुनी आहे. पण जगप्रसिद्ध झालेला लाल रंग झाकायचा निर्णय सोपा नसतो. खात्याच्या ताब्यातल्या वास्तूत ‘चला, या मे महिन्यात करून टाकू’ असं म्हणता येत नाही, हे कमिटीने नीट समजून घ्यावं.

वसईच्या किल्ल्यातल्या चर्चची गोष्ट वेगळी. मे 1739मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, वस्ती उठली. बहुतेक चर्चची छपरं खातं येण्याच्या कितीतरी आधी गेली. भग्नावशेष भग्नावशेष म्हणून टिकवणं हे खात्याचं काम, आणि भाविक उरलेच नसतील तिथे तेच योग्य.

आपण दुरुस्त केलं तर

माझं मत इकडे झुकतं, लपवत नाही. मुंबईतलं 1718चं सेंट थॉमस कॅथीड्रल आणि भायखळ्याचं ग्लोरिया चर्च, दोन्ही वापरात असतानाच दुरुस्त झाली आणि दोघांनाही युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला, पहिल्याला 2004मध्ये, दुसऱ्याला 2019मध्ये.

इथे घात होतो तो सिमेंटचा. चुन्याची भिंत ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, भिंतीला लोणा लागतो, दोन-चार पावसाळ्यांत पोपडे सुटतात, आणि कंत्राटदार म्हणतो, ‘भिंतच जुनी आहे हो.’ मळलेल्या चुन्याचं काम महाग, सावकाश, आणि ते जाणणारे गवंडी शोधावे लागतात. कोटेशन मागवताना ‘चुना’ हा शब्द कागदावर लिहून घ्या, तोंडी नको. वारसा जतनाचं काम केलेला वास्तुविशारद नेमा, ओळखीचा इंजिनिअर नको.

पैशाचं काय? कंपनी कायद्यानुसार ऐतिहासिक वास्तूंच्या जीर्णोद्धाराला सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा, निधी देता येतो, धर्म कुठलाही असो. पण त्यासाठी वास्तू ‘आमची’ न राहता ‘गावची’ म्हणून मांडावी लागते, आणि तसं मांडायला इतिहास आपल्या बाजूने आहे. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठे विजयाची खूण म्हणून घेऊन गेले. नाशिकच्या नारोशंकर मंदिरावर, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या अजून आहेत, आणि देवळात येणारे लोक त्या कौतुकाने दाखवतात. नारोशंकराच्या घंटेवर 1721 साल आहे. लुटीतून आलेली वस्तू तीनशे वर्षं जपणारे लोक शेजारच्या चर्चच्या छपराला मदत करणार नाहीत, असं धरून चालू नये. विचारून तर बघा.

पाडून बांधलं तर

या बाजूचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. वाढलेल्या गावाला जागा लागतेच. दादरचं पोर्तुगीज चर्च 1596मध्ये स्थापन झालेलं. तिथे आज उभी आहे ती वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची 1970च्या दशकातली इमारत, काँक्रीटची कवचं आणि मधे मोकळे चौक असलेली. ती स्वतःच आता बघण्यासारखी आहे. पण गावोगाव पाडून उभं राहतं ते कोरियांचं काम नसतं, टाइल्स लावलेला हॉल असतो. जुनं लाकडी अल्तार (वेदी) त्यात मावत नाही, मग ते मागच्या खोलीत जातं आणि वाळवीला मिळतं. जागेचीच अडचण असेल तर शेजारी नवा हॉल बांधा, सणाची गर्दी तिथे वळवा, जुन्यात लग्नं आणि रोजची मिस्सा ठेवा.

वस्ती हलली, भाविक उरले नाहीत, पण इमारत धड आहे, असंही असतं. जुन्या गोव्यातल्या टेकडीवरची मोंतीची कपेल (छोटं चर्च) फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेने दुरुस्त केली आणि तिथे संगीत महोत्सव भरत आला, भारतीय शास्त्रीय आणि पाश्चात्त्य दोन्ही. हा पर्याय ठेवायचा तर वास्तू वर्षभर कोण झाडणार हे आधी ठरवा.

निर्णय लांबला तरी यंदाची शाकारणी लांबवू नका. कौलं चाळा, कुजलेल्या रिपा बदला, पन्हळी साफ करा, भिंतीत उगवलेला पिंपळ मुळापासून काढा. सोबत प्रत्येक भिंतीचे फोटो आणि मोजमापाचे नकाशे करून घ्या. खात्याच्या अर्जालाही ते लागतात, वास्तुविशारदालाही, आणि पाडायचंच ठरलं तर नोंद म्हणूनही.