ज्युरासिक पेटी घ्यावी का? घ्या, पण लेबलं फाडून

आधी निकाल सांगते, पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत, पण पेटीवर जे छापलंय त्यातल्या एका अक्षरावर विश्वास ठेवू नका. बडोद्यात अलकापुरीकडे एक गिफ्टचं दुकान आहे, क्रिस्टलचे पिरॅमिड, फेंगशुईची कासवं, मिठाचे दिवे असलं सगळं विकतात, तिथे शोकेसमध्ये 'ज्युरासिक फॉसिल कलेक्शन' म्हणून लाकडी पेटी ठेवलीय. आत सहा कप्पे. 1,800 सांगतात, घासाघीस केली की 1,500 ला देतात. भाच्याच्या मुंजीला सगळे चांदीची वाटी नाहीतर पाकीट देणार, आणि हा पोरगा डायनासोरवेडा, म्हणून घेतली.

झाकणावर टी-रेक्स. आता टी-रेक्स ज्युरासिकमधला नाहीच, तो त्यानंतरच्या क्रिटेशस काळाच्या अगदी शेवटचा, 6.8 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि ज्युरासिक संपला 14.5 कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे ज्युरासिकपेक्षा टी-रेक्स आपल्याला जवळचा. हे मला बटूने स्वतः, तुळतुळीत डोक्याने, भिक्षावळीच्या रांगेसमोर सुनावलं.

पेटीतला भारी पीस म्हणजे अमोनाइट, माकूळच्या नात्यातल्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा गुंडाळलेला शंख. मादागास्करचा, मधोमध कापून पॉलिश केलेला, आतले कप्पे एकेक करून मोजता येतात. प्राणी फक्त शेवटच्या कप्प्यात राहायचा, वाढला की मागे पडदा टाकून पुढे सरकायचा, मागच्या कप्प्यांमधून एक बारीक नळी जायची आणि तिच्यातून आतलं पाणी काढून वायू भरायचा, त्यावर तरंगणं चालायचं. हे सगळं हातात धरून दाखवता येतं, पोरं गप्प बसून ऐकतात, एवढ्यासाठी 700-800 रुपये मी आनंदाने देईन. फक्त बाजारात मिळणारे असे कापलेले मादागास्करचे अमोनाइट बहुतेक क्लिओनिसेरास जातीचे असतात, 11 कोटी वर्षांच्या आसपासचे. म्हणजे परत क्रिटेशस!

शार्कचा दात खरा वाटतो पण बाजारात मिळणारे मोरोक्कोचे असे दात बहुतेक डायनासोर गेल्यानंतरचे. लाकडाचा दगड झालेला तुकडा छान, लेबलच नाही. ट्रायलोबाइट (समुद्रातला किड्यासारखा दिसणारा प्राचीन प्राणी) मात्र शुद्ध थाप. भिंगाखाली बुडबुडे दिसतात, कडेला साच्याची रेघ, चक्क रेझिन. आणि खरा असता तरी काय, ट्रायलोबाइट 25.2 कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारात संपले, ज्युरासिक सुरूच झाला 20.1 कोटीला. अंबर, म्हणजे झाडाचा कडक झालेला प्राचीन चीक, तो पण प्लास्टिक, खरा अंबर मिठाच्या कडक पाण्यात तरंगतो, हा टपकन तळाला (घरी करून बघा, पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाकायचं).

राहिला बेलेमनाइट. माकूळच्या नात्यातल्या प्राण्याच्या शेपटीकडचा टणक, टोकदार भाग. हा एकटा ज्युरासिकचा असू शकतो, पण बेलेमनाइट क्रिटेशसमध्येही भरपूर होते, आणि कुठल्या गावातून, कुठल्या थरातून काढला ते लिहिलेलंच नाही. माझी खरी तक्रार हीच आहे. फॉसिलचं वय नुसतं त्याच्या तोंडाकडे बघून दरवेळी कळत नाही, तो कुठल्या थरात सापडला त्यावरून पक्कं होतं. गाव गेलं की उरतो नुसता सुंदर दगड. एक चिठ्ठी टाकायला काय जातं यांचं?

गंमत म्हणजे आमच्या आईने अमोनाइट हातात घेतला आणि म्हणाली, अगं हा तर शाळीग्राम, कापला कशाला मेल्यांनी! बरोबरच आहे तिचं, गंडकीचे चक्रवाले शाळीग्राम म्हणजे अमोनाइटच, आणि तेही ज्युरासिकच्या शेवटाशेवटाचे. दांडिया बाजारातल्या कितीतरी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ज्युरासिक प्राण्यावर तुळस वाहिली जातेय आणि मी 1,500 देऊन नंतरच्या काळातला आणला.

बरं, आपण राहतो गुजरातमध्ये. ज्युरासिक अमोनाइटसाठी जगभरातले लोक आपल्या कच्छचं नाव घेतात, 1870 च्या दशकात वागेन नावाच्या भूशास्त्रज्ञाने तिथल्या अमोनाइटांचं सविस्तर वर्णन केलं, चारी, झुरा, जुमारा ही गावांची नावं भूशास्त्रवाल्यांना पाठ असतात. 2017 मध्ये लोडाईजवळ मिळालेला साडेपाच मीटरचा इक्थिओसॉर (माशासारखा दिसणारा समुद्री सरपटणारा प्राणी) जाहीर झाला, भारतातला ज्युरासिकचा पहिलाच. आणि पेटीत कच्छचा 'क' पण नाही. दुकानदार तर बालासिनोरजवळच्या रैयोलीची डायनासोरची अंडी पण 'आपडी (आपली) ज्युरासिक' म्हणून सांगत होता, ती 6.7 कोटी वर्षांच्या आसपासची, राजासॉरस नावाचा मांसाहारी डायनासोर तिथलाच.

रेझिनचे दोन पीस घेऊन परत गेले तर भांडला नाही, बदल्यात गारगोटीचे दोन मोठे, चांगले खडे दिले. लेबलांबद्दल विचारलं तर म्हणतो, "बेन, जूनुं एटले ज्युरासिक ज केवाय." म्हणजे ताई, जुनं ते सगळं ज्युरासिकच म्हणायचं. यावर काय बोलणार.

पाचात तीन स्टार. घ्यायचीच असेल तर पेटी नका घेऊ, सुटा अमोनाइट मागा, काउंटरखालच्या ट्रेमध्ये असतात, 600 पासून, आणि कापलेले दोन्ही अर्धे एकमेकांवर बसतात का ते तिथेच बघून घ्या. यूपीआय चालतं, बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा.