अकराशे किलोमीटर, दोन दिवस, वीस महिन्यांची लेक: सीट पास, कव्हर नापास

लहान मुलांच्या या फिरणाऱ्या कार सीटला चार स्टार दिलेत. पाचवा कव्हरने खाल्ला, त्याच्यावर नंतर येते.

आमचं बिऱ्हाड हलवायचं होतं. मोठं सामान ट्रकने पुढे गेलं आणि मागे उरलो आम्ही दोघं, लेक, आणि ट्रकवाल्याने "हे तुमचं तुम्हीच न्या" म्हणून दारात ठेवलेलं सगळं, म्हणजे कुंड्या, कागदपत्रांची बॅग, दोन उशा, मिक्सर आणि एक घड्याळ जे बंद आहे पण टाकवत नाही. हे सगळं आणि आम्ही एका गाडीत. लेकीची आधीची बाळाची सीट केव्हाच लहान झाली होती, डोकं वरून बाहेर यायला लागलं होतं, म्हणून निघायच्या दीड महिना आधी ही फिरणारी सीट घेतली. दीड महिना आधी हे मुद्दाम लिहितेय. आदल्या दिवशी नवी सीट आणून दुसऱ्या दिवशी पोराला त्यात दहा तास बसवायचं धाडस कोणी करू नका, आमच्या बाईंनी पहिले चार दिवस नुसतं कमान टाकून रडून दाखवलं, मग भाजी आणायला, डॉक्टरकडे असं जवळ जवळ नेत नेत सवय लागली.

सीट आयसोफिक्सवाली आहे. म्हणजे गाडीच्या मागच्या सीटच्या सांध्यात आत दोन लोखंडी कड्या असतात त्यांना बेसचे दोन हात जाऊन खट्‌ करून बसतात आणि पुढे एक पाय खाली फ्लोअरवर टेकतो. हिरवं दिसलं की बसलं, लाल असेल तर नाही. बसवायला सोपी, पण वजन! बेससकट जवळपास १४ किलो, म्हणजे लेकीपेक्षा सीट जड. दोन गाड्यांमध्ये रोज काढघाल करायची असेल तर विसरा.

त्या पायाबद्दल एक गोष्ट घेण्याआधी बघाच. आमच्या गाडीत मागच्या एका सीटसमोर पायाशी झाकणवाला कप्पा आहे, त्यात आम्ही जुन्या चपला ठेवायचो. पाय नेमका त्या झाकणावर येत होता आणि दिसायला अगदी मस्त टेकत होता. नवऱ्याला गाडीचं मॅन्युअल वाचायची खोड आहे (मी हसते, पण यावेळी उपयोग झाला), त्यात स्पष्ट लिहिलेलं की झाकणाखाली पोकळ आहे, तिथे सपोर्ट लेग ठेवू नका. धडक बसली तर बराच जोर त्या पायावर येणार आणि झाकण आत जाणार. मग सीट दुसऱ्या बाजूला घेतली. तिथे पायाशी मिक्सरचं खोकं ठेवायचा बेत होता, तो गेला, मिक्सर माझ्या पायाशी आला आणि दोन दिवस मी मांडी घालून प्रवास केला.

आता मुख्य गोष्ट, उलटं तोंड. ही सीट आर १२९ या, मुलांच्या कार सीटसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा नियमाची आहे, त्यात वजनाऐवजी मुख्यतः उंची बघतात, आणि १५ महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवायचं असं सक्तीचं आहे. जुन्या आर ४४ नियमात बाजूने बसणाऱ्या धडकेची टेस्टच नव्हती, यात आहे, म्हणून घेताना मागचं लेबल वाचा. आमची सीट १०५ सेंटीमीटरपर्यंत उलटी चालते, लेक ८४ ची. तरी घरात सगळ्यांचं एकच, आता मोठी झाली की, सरळ बसव, पाय बघ कसे दुमडलेत बिचारीचे. अहो, पाय दुमडतात तर दुमडू देत, ती घरी पण बेडकासारखीच बसते. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मानेची हाडं पूर्ण पक्की झालेली नसतात, समोरून धडक बसली की सरळ बसलेल्या मुलाचं डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर, उलट बसलं असेल तर पाठ, मान, डोकं सगळं एकदम सीटच्या पाठीत दाबलं जातं, इतकं साधं आहे. नवऱ्याने सासूबाईंना सांगितलं की ही कल्पना १९६४ च्या सुमारास स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन नावाच्या डॉक्टरांनी काढली आणि ती त्यांना अंतराळवीरांच्या पाठीवर रेलून बसायच्या खुर्च्या बघून सुचली म्हणे. सासूबाई म्हणाल्या, "मग त्या अंतराळवीरांना पण बसताना असंच धरून दाबावं लागतं का?" विषय संपला.

(उलटी सीट पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू ठेवून, कधीही नाही. हे सगळ्यांना माहीत असतं तरी लिहिते.)

फिरण्याचं फीचर मला आधी चोचले वाटलेलं. पण गाडी खच्चून भरलेली असताना, मूल झोपेने लोळागोळा झालेलं असताना, सीट दाराकडे वळवून समोरासमोर बसवायचं, पट्टे लावायचे आणि परत फिरवायचं, याला तोड नाही. कंबर वाचली. दोन दिवसांत किमान वीस वेळा चढउतार झाली असेल, जुन्या सीटला मी तिसऱ्या वेळीच रडले असते. फक्त परत फिरवल्यावर लॉकचा आवाज ऐकाच, एकदा घाईत मी दाराकडे तोंड असतानाच निघायला सांगणार होते, लाल खूण दिसली म्हणून कळलं.

पट्टे पाच ठिकाणी आवळणारे आहेत. उलट बसवताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या बरोबरीने किंवा जरा खालून यायला हवेत, सरळ बसवलं की बरोबरीने किंवा वरून. आणि आवळल्यावर खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघायचा, चिमटीत घडी आली तर ढिला आहे. पहाटे निघालो तेव्हा गारवा होता म्हणून मी तिला जाड जॅकेटसकट बांधलं, चिमटी एकदम पास, मग शंका आली म्हणून जॅकेट काढून तेच पट्टे परत लावले तर आत माझा अख्खा पंजा जात होता. धडकेत जॅकेट असंच चपटं होणार. त्यानंतर पातळ कपडे, पट्टे, आणि वरून पांघरूण.

प्रवासाचं म्हणाल तर मॅप रोज आठ तास दाखवत होता, आम्हाला पहिल्या दिवशी बारा लागले. दर दोन तासांनी थांबायचंच असं ठरवलेलं, आणि थांबायचं म्हणजे तिला उतरवून पळू द्यायचं, आपण चहा पीत बसायचं असं नाही. दुपारच्या झोपेत सगळ्यात लांबचा टप्पा मारायचा. सीट चालत्या गाडीत उलटी असतानाही मागे रेलते, त्यामुळे मान पुढे लोंबकळली नाही, दोन तास सलग झोपली, तेवढ्यात नवरा आणि मी तीन दिवसांनी पहिल्यांदा पूर्ण वाक्यं बोललो. खेळणी खाली पडतात म्हणून सीटला लांब दोरीने बांधायचं डोक्यात आलं होतं, करू नका, गळ्यात अडकते. पडू द्या, थांबल्यावर उचला. आणि जड सामान डिकीत, खाली आणि सीटच्या पाठीला टेकून, मागच्या काचेपाशी काहीही ठेवू नका. ब्रेक लागला की ते बंद घड्याळसुद्धा चालायला लागेल.

उन्हात एकदा तासभर गाडी उभी होती. परत आलो तर बकलचा धातू चटका बसेल इतका तापलेला. नंतर उतरलो की सीटवर पांढरी चादर टाकायला लागलो, आणि बसवण्याआधी स्वतःचा हात लावून बघायचा.

आता कव्हर. दुसऱ्या दिवशी दुपारी वळणाच्या रस्त्यावर लेकीने सकाळपासून जे काही प्यायलं खाल्लं होतं ते परत केलं. सगळं. सीटच्या कडा उंच, त्यामुळे ते तळ्यासारखं साचलं आणि मधल्या बकलच्या भोकात शिरलं. जाहिरातीत "कव्हर चुटकीसरशी निघते, मशीनमध्ये धुता येते" असं आहे. ज्याने हे लिहिलं त्याने रस्त्याच्या कडेला, मूल कडेवर, पुसायचे वाइप्स संपलेले, अशा अवस्थेत ते काढून दाखवावं. इलॅस्टिकचे छोटे फास, बारा तरी असतील, प्लास्टिकच्या हुकांना अडकवलेले, त्यातले चार पाठीमागे, जे सीट अर्धी फिरवल्याशिवाय दिसतच नाहीत. आणि खांद्याचे पट्टे मागून सोडवल्याशिवाय वरचा तुकडा निघत नाही. आम्ही नाद सोडला, ओल्या फडक्याने पुसलं, टॉवेल अंथरून उरलेला प्रवास केला. वासाबद्दल बोलत नाही.

त्यानंतर बकल अर्धवट लागायला लागलं, खट्‌ आवाज यायचा पण ओढलं की पट्ट्याची एक जीभ (बकलमध्ये जाणारी धातूची पट्टी) सुटायची. हे मला सगळ्यात भीतीदायक वाटलं. मॅन्युअलमध्ये उपाय होता, बकल सोडवून कोमट पाण्यात हलवायचं, साबण, तेल काही नाही. एका थांब्यावर ग्लासात कोमट पाणी मागून घेतलं, त्यात बुडवून लाल बटण दाबत राहिलो तर आतून खाऊचा चुरा, एक चिकट गोळा आणि, खरं सांगते, स्टिकरचा तुकडा निघाला. नंतर दोन्ही जिभा नीट बसल्या. पट्टे मात्र मशीनमध्ये टाकायचे नसतात, नुसते पुसायचे, कापडाची ताकद जाते.

नव्या घरी रात्री साडेनऊला पोचलो. रिकाम्या खोल्या, आवाज घुमतोय, ट्रक दुसऱ्या दिवशी. लेकीने दारातच पाय रोवले, आत येईना. कव्हर धुवायला म्हणून नवरा सीट उचलून घेऊन आला, हॉलच्या मधोमध ठेवली, तर ही तुरुतुरु जाऊन त्या वास मारणाऱ्या सीटमध्ये चढून बसली आणि पट्टा माझ्यापुढे धरला, लाव म्हणून. तिथेच झोपेला आली, पण गाडीबाहेर सीटमध्ये झोपवायचं नसतं म्हणून उचलून गादीवर घेतली, मग अर्धा तास रडणं.

कव्हर तिसऱ्या दिवशी धुतलं. परत चढवताना एक फास जास्तीचा उरलाय, कुठल्या हुकाचा आहे ते अजून सापडलेलं नाही. कोणाकडे हीच सीट असेल तर मागच्या बाजूचा फोटो टाका प्लीज.