जुनी फियाट-पद्मिनी असेल तर वागळे इस्टेटमधल्या या मिस्त्रींना एकदा दाखवाच

ज्यांच्याकडे जुनी फियाट, अँबेसेडर, कॉन्टेसा असं काही आहे आणि ठाण्यात धड मिस्त्री मिळत नाही म्हणून गाडी सोसायटीत कव्हर घालून पडून आहे, त्यांनी हे जरूर वाचा. गॅरेजला बोर्डच नाहीये. वागळे इस्टेटमध्ये आतल्या बाजूला लेथवाल्यांच्या गाळ्यांना लागून आहे, बाहेर दोन-तीन फियाट उभ्या दिसल्या की समजायचं पोचलो. चालवणारे काका पद्मिनी टॅक्सीवर काम करतच या लाइनीत आले, त्यामुळे ही गाडी त्यांना आतून-बाहेरून पाठ आहे.

आमची बाबांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगजवळ. प्रॉब्लेम असा की सकाळी एका सेल्फला स्टार्ट व्हायची, घोडबंदर रोडला मस्त पळायची, आणि मानपाडा-कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये रखडली की मिसिंग सुरू, दोन झटके आणि बंद. मग बॉनेट उघडा, इंजिनजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाका, मागच्यांचे हॉर्न ऐकत थांबा, थोड्या वेळाने परत चालू. फडक्याचा उपाय मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा जुना, आणि त्यावरून जो तो एकच सांगायचा की व्हेपर लॉक आहे, म्हणजे इंजिनच्या गरमीने पाइपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. हा प्रकार खराच असतो, पद्मिनीत पंप इंजिनलाच बसवलेला आहे त्यामुळे उन्हाळ्यात होतोही. पण आधीच्या एका गॅरेजने या एका समजुतीवर कार्बोरेटर खोलून साफ केला, पंप नवीन टाकला, परत कार्बोरेटर खोलला, प्रत्येक वेळी बिल घेतलं, आणि गाडी होती तशीच. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच पण बाबांनी गाडी विकायचं काढलं त्याचं जास्त वाईट वाटलं.

या काकांनी आल्या आल्या काहीही खोललं नाही. आधी विचारलं, "ताई, बंद पडताना हळूहळू मरते का झटक्यात जाते? सायलेन्सरमध्ये फटाका वाजतो का?" फटाका वाजायचा, हे आम्हाला आधी कोणी विचारलंच नव्हतं. मग बॉनेट खाली करून गाडी आयडलला ठेवली आणि चहा मागवला. गाडी तापली, झटके देऊन बंद पडली, आणि खरी गंमत इथून पुढे, कारण बंद पडल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत काय बघायचं हे त्यांना नेमकं माहीत होतं. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारला आणि हाताने अ‍ॅक्सिलरेटरचा लिव्हर ओढला. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली. म्हणजे पेट्रोल येतंय, व्हेपर लॉकचा विषय संपला. मग प्लगची वायर काढून, त्यात जादा प्लग लावून तो इंजिनवर टेकवला आणि गॅरेजमधल्या पोराला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी येत होती पण पिवळट, बारीक. चांगली ठिणगी निळी असते आणि तिचा टक टक आवाज येतो, तो नव्हता. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाची, कॅप उघडली तर आतले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे दोन छोटे तुकडे) काळे पडलेले, एका बाजूला खड्डा आणि समोरच्या बाजूला तेवढाच उंचवटा. मला जवळ बोलावून दाखवलं, पोराला परत सेल्फ मारायला लावलं, तर पॉइंटच्या फटीतच चरचर ठिणग्या उडत होत्या. काका म्हणाले कंडेन्सर गेलाय, पण गरम झाल्यावरच जातो, गार झाला की परत कामाला लागतो. लगेच जुन्या कंडेन्सरची वायर सोडवून नवीन बाहेरूनच जोडला, सेल्फ मारला, गाडी तशीच तापलेली असताना पहिल्या फटक्यात चालू!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) करंट तिथेच उडी मारायला बघतो, तो झटका कंडेन्सर पोटात घेतो म्हणून कॉइलमधून प्लगला जोरदार ठिणगी मिळते. कंडेन्सरचं आतलं इन्सुलेशन खराब झालं की उष्णतेत तो काम सोडतो, पॉइंट जळतात आणि ठिणगी मरते. आता ओल्या फडक्याची गोष्ट. फडकं पंपावर टाकून आपण थांबायचो त्या वेळात कंडेन्सरही गार व्हायचा आणि श्रेय जायचं फडक्याला. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं, कारण इतके दिवस गाडीला म्हातारी म्हणून नावं ठेवत होते सगळे आणि दोष होता बोटाएवढ्या एका पार्टचा. नवे पॉइंट घालून त्यांनी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) फट सेट केली, ठिणगीचं टायमिंग बघितलं, आणि मे महिन्यात भर दुपारी गायमुखच्या चढावर नेऊन आणली. परत एकदाही बंद पडलेली नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी आपणहून पकडली ती ऑइलची. डिपस्टिक काढून वास घेतला, मला घ्यायला लावला, पेट्रोलचा वास येत होता. आधीच्या गॅरेजने जो नवीन पंप टाकला होता त्याचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) गळत होता आणि पेट्रोल थेंब थेंब करत इंजिन ऑइलमध्ये उतरत होतं. ऑइल असं पातळ झालं तर बेअरिंगची वाट लागते. आता भरायला गेलं की 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, त्यामुळे त्यांनी इथेनॉल चालणाऱ्या रबराचा डायफ्राम टाकला, पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलले, ऑइल बदललं. जुन्या गाडीवाल्यांनी डिपस्टिकचा वास घ्यायची सवय लावून घ्या, याला पैसे पडत नाहीत.

बॉडीच्या कामाबद्दल थोडं. आमची गाडी बाहेरून चकाचक दिसायची, काकांनी खिशातून लोहचुंबक काढून दाराच्या खालच्या भागावर फिरवला तर तीन-चार ठिकाणी चिकटेचना. तिथे पत्राच नाही, नुसती लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला. दाराच्या तळाला पाणी जायला भोकं असतात, ती आधीच्या पेंटरने रंगाने बुजवून टाकली होती, मग पावसाचं पाणी आत साठून पत्रा आतून सडला. सडलेला भाग कापून नवीन पत्रा वेल्डिंग केला, भोकं मोकळी केली. हे काम पक्कं झालंय. फिनिशिंग मात्र मला तितकंसं आवडलं नाही, उजव्या मागच्या दाराचा रंग उन्हात थोडा वेगळा दिसतो. रंगाचं काम ते बाहेरच्या पेंटरकडून करून घेतात आणि तिथे त्यांचं लक्ष कमी पडतं. शोला न्यायची गाडी असेल तर रंग दुसरीकडे करा.

वेळ लागतो, हे आधीच समजून जा. पार्ट कुर्ल्याच्या मार्केटमधून शोधून आणतात, डुप्लिकेट पसंत पडला नाही तर परत करतात आणि तुम्हाला थांबावं लागतं. आमच्या किंग पिनच्या (पुढची चाकं ज्यावर वळतात ती पिन) बुशसाठी असंच झालं, शेवटी शेजारच्या लेथवर करून घेतले. फोन उचलत नाहीत. बिल वहीच्या कागदावर मिळतं, पण एकेक पार्ट लिहिलेला असतो आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून हातात देतात. यासाठी माझे पूर्ण मार्क. कंडेन्सर आणि पॉइंटचं काम मजुरीसकट हजाराच्या आत झालं. पत्र्याचं काम महाग आहे, आधी आकडा ठरवून घ्या.

आरसी रिन्यूअलसाठी फिटनेसला न्यायच्या आधी ब्रेक, लाइट, हॉर्न सगळं तेच बघून देतात. 20 वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी 2025 मध्ये वाढून 10,000 झालीये, त्यामुळे पहिल्या फेरीत पास होणं बरं. आणि पद्मिनीला व्हिंटेजची नंबर प्लेट मिळते का असं बरेच जण विचारतात, तर 2021 च्या नियमाने गाडी 50 वर्षांच्या वरची लागते आणि ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही.

जायचं असेल तर गरम झाल्यावरचा प्रॉब्लेम असेल तेव्हा गाडी चालवत, तापवूनच न्या. सकाळी स्टार्ट होत नाही असा असेल तर आदल्या संध्याकाळी तिथे सोडून या, म्हणजे थंड गाडी त्यांना स्वतःला बघता येते. शनिवारी फार गर्दी असते, मंगळवार-बुधवार बरा.