बाल्कनीसाठी एचडीपीई ग्रो बॅगा

डोंबिवलीतल्या आमच्या पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारनंतर ऊन नुसतं भाजून काढतं. तिथे 12 बाय 12 इंचांच्या हिरव्या ग्रो बॅगा, म्हणजे झाडं लावायच्या एचडीपीई या चिवट प्लास्टिकच्या कापडी पिशव्या, ठेवल्यात. पावसाळा गेला, उन्हाळा गेला, कापड विरलेलं नाही. आधीच्या काळ्या प्लास्टिक पिशव्यांचे हात लावताच तुकडे पडायचे. वांगी, मिरची यांत झकास येतात. मेथी-कोथिंबिरीसाठी मात्र घेऊ नका, त्यांना पसरट ट्रेच बरा.

शिलाई पक्की आहे, पण तळाची भोकं फारच बारीक. कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गाळ बसला की पाणी तुंबतं, मुळं कुजतात. तापवलेल्या सळईने ती मोठी करून घ्या आणि बॅग विटेच्या तुकड्यांवर ठेवा. भरताना माती, शेणखत, कोकोपीट समसमान घ्या. नुसत्या मातीने भरलेली बॅग जागची हलत नाही.