40 मिनिटांत नात किती बोलली? – मुलांच्या ऑनलाइन इंग्रजी वर्गाबद्दल

मी 31 वर्षं मराठी व्याकरण शिकवलं. नातीच्या इंग्रजीच्या ऑनलाइन वर्गाबद्दल लिहायला बसले तेव्हा सुनेनं विचारलंच, "आई, तुम्ही? इंग्रजीचं?" म्हटलं, इंग्रजीचं नाही गं, शिकवण्याचं लिहितेय. 24 आठवडे, आठवड्यातून दोन तास, एकेक तास 40 मिनिटांचा. मुलाजवळ कुणीतरी मोठं माणूस असावं अशी वर्गाचीच अट होती आणि घरात रिकामी मीच. विणकाम घेऊन कोपऱ्यात बसायचे. 48 पैकी 45 तास कान देऊन ऐकलेत.

वर्गाचं नाव सांगत नाही. एकाच वर्गात आम्हाला दोन शिक्षिका मिळाल्या, आणि त्या दोघींत जमीन-अस्मानाचा फरक. नाव कळून तुमच्या वाट्याला कोण येईल ते थोडंच कळणार आहे?

डेमोच्या तासाला नात सानू एकटीच होती. समोरच्या बाई हसऱ्या, चटपटीत, सानू खूश. पैसे भरले आणि पहिल्या तासाला बघतो तर पडद्यावर सहा चौकोन, सहा मुलं, आणि बाई निराळ्याच. यात लबाडी नाही म्हणे, माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. असेल. पण डेमो बघून निर्णय घेणाऱ्यांनी आधी हे विचारा, की डेमो घेणारी व्यक्तीच पुढे शिकवणार का, आणि वर्गात मुलं किती.

पहिल्या बाई म्हणायच्या, "रिपीट आफ्टर मी." मागे आवाज येतात म्हणून सहाही मुलांचे माइक बंद. म्हणजे बाई वाक्य म्हणणार आणि सहा तोंडं मुकाट्यानं उघडझाप करणार. माशांच्या टाकीसमोर बसल्यासारखं वाटायचं मला. मी जुन्या डायरीच्या मागच्या पानावर रेघा मारायला लागले. सानूनं माइक चालू असताना स्वतःचं, म्हणजे बाईंच्या मागून न म्हटलेलं, वाक्य बोललं की एक रेघ. पहिल्या महिन्यातल्या आठ तासांच्या मिळून रेघा झाल्या 19. त्यातल्या सात "येस मॅम"च्या होत्या, त्या मी नंतर खोडल्या.

महिनाअखेरीला अहवाल आला: कॉन्फिडन्स 92 टक्के. कशानं मोजला कोण जाणे.

व्याकरणाचा भाग ॲपवर होता. चित्रं छान, आवाज स्पष्ट, बरोबर उत्तराला 'टिंग' वाजून तारा. प्रश्न सगळे पर्यायांचे. सानू आठवड्याभरात उत्तर न वाचता तारे मिळवायला शिकली. चुकलं की दुसरा पर्याय दाबायचा, टिंग होईपर्यंत. तिच्या खात्यात शेकड्यानं तारे होते आणि तोंडात "शी डज नॉट गोज".

एक चूक तर मला सोडवेना. धड्यात नियम दिला होता की ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांआधी 'ॲन' लावा. सानूनं इमानेइतबारे 'ॲन युनिफॉर्म' लिहिलं. लाल फुली. का? ॲप सांगेना. पुढच्या प्रश्नात 'अ अवर' लिहिलं, पुन्हा फुली. पोर रडकुंडीला आली. नियम अक्षराचा नाहीच, ध्वनीचा आहे. 'युनिफॉर्म' म्हणताना तोंडातून पहिला य येतो, 'अवर'मधला एच कुणी उच्चारतच नाही. मोठ्यानं म्हणून बघ म्हटल्यावर तिला दोन मिनिटांत कळलं. ज्या भाषेत लिहिलेलं आणि बोललेलं असं फटकून वागतं, तिथे मुलाला आधी कान द्यायचा की कागद? शिवाय आपल्या मुलांना 'अ', 'ॲन', 'द' हे मुळातच परकं. मराठीत असलं काही नाही. 'कुत्रा आला' म्हटलं की कुठला कुत्रा ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. ॲपनं हा सगळा विषय एका आठवड्यात उरकला होता.

तिसऱ्या महिन्यात पहिल्या बाई गेल्या, दुसऱ्या आल्या. या शांत. इतक्या शांत की पहिल्या तासाला मला वाटलं यांचं इंटरनेट गेलं. प्रश्न विचारायच्या आणि गप्प बसायच्या. एक, दोन, तीन, कधी पाच सेकंद. माझाच जीव वरखाली. आणि मग सानू बोलायची. एक शब्द नाही, अख्खं वाक्य. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं 1970च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत घड्याळ लावून हेच पाहिलं होतं. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात. मी हे बी.एड.ला वाचलं होतं, पेपरात लिहून गुण मिळवले होते, आणि मग 31 वर्षं एकाही वर्गात तीन सेकंद थांबले नव्हते.

मुलांचे माइकही त्यांनी चालू ठेवले. गोंधळ व्हायचा, कुणाचा तरी कुकर शिट्ट्या मारायचा. पण डायरीतल्या रेघा एका तासाला 14, 17, एकदा 22.

त्यांची चिमट्याची युक्ती मात्र खास लिहायला हवी. 'शी प्लेज' या वाक्याचा 'डज शी प्ले' असा प्रश्न करताना मुलं हमखास 'डज शी प्लेज' म्हणतात. त्यांनी कागदांवर दोन शब्द लिहिले आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यावर एस लिहून तो 'प्ले'ला लावला. मग 'डू'चा कागद आणला. "डू इज कमिंग. डू इज ग्रीडी!" आणि चिमटा काढून 'डू'ला लावला. चिमटा एकच, तो दोन ठिकाणी कसा असेल? बस. ना कर्त्याच्या पुरुषाची व्याख्या, ना सहाय्यक क्रियापदाची. पुढे भूतकाळ आला तेव्हा 'डिड' आल्यावर 'प्लेड'चा चिमटाही असाच गेला. मला इतका आनंद झाला की माझे टाके उसवले.

आणि तरी सांगते, एवढं करूनही सानू भरभर बोलताना "माय ब्रदर प्ले" म्हणतेच. याचा अहवालात 'वीक एरिया' म्हणून लाल शेरा येतो आणि आईबाप घाबरतात. घाबरू नका. रॉजर ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजीच मातृभाषा असलेल्या तीन मुलांच्या बोलण्याचा अभ्यास 1973मध्ये पुस्तकात मांडला. मुलं व्याकरणाची रूपं कुठल्या क्रमानं आत्मसात करतात ते त्यांनी पाहिलं. त्या 14 रूपांत 'प्लेइंग'मधलं 'इंग' पहिलं येतं आणि 'प्लेज'मधला हा एस दहावा. गंमत बघा, मराठी पोर 'मी खेळते, तू खेळतेस, तो खेळतो, ते खेळतात' हे सगळं ओझं सहज वागवतं आणि इंग्रजीतलं हे एवढंसं पीस हातातून सांडतं. कारण त्या एसवाचून कुणाचं काही अडत नाही, कर्ता आधीच सांगून झालेला असतो. अभ्यासक्रमात तो दुसऱ्या आठवड्यात शिकवून चौथ्या आठवड्यात त्यावर गुण कापणं हा त्या अहवाल करणाऱ्याचा उतावळेपणा.

चूक दाखवायची दुसऱ्या बाईंची रीतही वेगळी. पहिल्या बाई मुलाचं चुकलेलं वाक्य स्वतः नीट करून म्हणायच्या आणि पुढे जायच्या. सानू म्हणे "आय गोएड टू पार्क", बाई म्हणत "ओ, यू वेंट टू द पार्क, नाइस!" सानूला वाटे, बाई खूश झाल्या. संपलं. लिस्टर आणि रांटा या संशोधकांनी 1997मध्ये फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत हेच नोंदवलं आहे. शिक्षक सर्वांत जास्त वापरतात ती हीच पद्धत, आणि ती ऐकून मुलं स्वतःला सर्वांत कमी सुधारतात. दुसऱ्या बाई भुवया उंचावून नुसतं म्हणायच्या, "यू...?" आणि तोच तो थांबा. सानू वर बघे, ओठ हलवी, "वेंट!" स्वतः काढलेला शब्द पुढच्या आठवड्यातही तिच्यापाशी असायचा.

शब्दसंग्रहाबद्दल मी नाराज आहे, दोन्ही बाईंच्या काळात. आठवड्याला 10 नवे शब्द, एकाच गोतावळ्यातले. सगळे प्राणी एकदम, सगळ्या दिशा एकदम. सारखे शब्द एकत्र शिकवले की ते एकमेकांत मिसळतात. आमच्याकडे 'लेफ्ट' आणि 'राइट' एकाच दिवशी आले आणि अजून भांडतायत. वर ॲप शब्द एकदा शिकवतं, विचारतं आणि विसरतं. तिसऱ्या आठवड्यातला शब्द दहाव्यात कधी परत येत नाही. शेवटी मी बुटांचे तीन रिकामे खोके आणले. एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द. आठवलेला शब्द पुढच्या खोक्यात, विसरलेला पहिल्यात. पहिला खोका रोज उघडायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा रविवारी. युक्ती माझी नाही, सेबास्टियान लाइटनर या पत्रकारांनी 1972मध्ये ती सांगितली. पुठ्ठ्याच्या खोक्याला जमतं ते एवढ्या झगमगीत ॲपला का जमू नये?

मराठी घरातल्या मुलांना कुठले शब्द नडतात याचा तर अभ्यासक्रम करणाऱ्यांना पत्ताच नाही. आपण घेतो तेही उसनं, देतो तेही उसनं, म्हणून सानू म्हणते, "कॅन यू बॉरो मी पेन्सिल?" आपण टीव्हीही बघतो, आकाशही बघतो, आणि रस्ता ओलांडतानाही बघतो, तिकडे 'वॉच', 'सी', 'लुक' अशी तीन दारं. हे चिठ्ठ्यांवर मी घरी लिहिलं. एक गोष्ट मात्र वर्गानं चांगली केली. वाचनासाठी डॉल्च या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांची 1936पासून वापरात असलेली 220 शब्दांची यादी हळूहळू पुरी करून घेतली. तिच्यात एकही नाम नाही. 'द', 'विथ', 'कुड', 'व्हेअर' असले, चित्र काढून न दाखवता येणारे शब्द. वाचताना अडखळायला होतं ते यांच्यापाशीच.

उच्चारांसाठी दुसऱ्या बाईंनी सगळ्यांना आरसा आणायला लावला. आपला व एकच, त्यांचे दोन. वरचे दात खालच्या ओठावर टेकले की 'व्हॅन'मधला, ओठांचा चंबू केला की 'विंडो'मधला. आपण लिहिताना 'व्ह' काढून सुटका करून घेतो खरं, पण मग 'व्हॉट' आणि 'व्हॅन' एकसारखे लिहितो, आणि त्यात दात फक्त 'व्हॅन'ला टेकतात. मी मराठीची बाई, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. उलट 'झू' आमच्या सानूला चटकन जमलं. 'जवळ'मधला ज आणि 'जीव'मधला ज वेगळा असतो हे मराठी जिभेला ठाऊक असतंच, त्यातला 'जवळ'वाला तिनं जरासा सैल सोडला की झालं.

शेवटून दुसऱ्या आठवड्यात पालकांसाठी सादरीकरण झालं. वरून आलेला कागद होता, 'मायसेल्फ'नं सुरू होणारा. "मायसेल्फ सानू" असं इंग्रजीत कुणी स्वतःची ओळख करून देत नाही. 'आय ॲम' नाहीतर 'माय नेम इज' म्हणतात. बाईंनी तो कागद गुपचूप दुरुस्त केला हे मी ऐकलं. तरीही ते पाठांतरच. व्हिडिओ नातेवाइकांत फिरला, सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी त्याची रेघ मारली नाही.

रेघ मारली ती त्याच्या आधीच्या मंगळवारी. खेळात एका मुलानं सानूचा नंबर ढापला. बाई काही म्हणायच्या आत ही खुर्चीवर गुडघे टेकून उभी: "नो! इट वॉज माय टर्न! यू डिडन्ट वेट!" विणकाम बाजूला ठेवून मी ती रेघ जाड मारली. 'डिडन्ट'नंतर 'वेट', 'वेटेड' नव्हे. चिमटा एकच.

तारे द्यायचेच तर ॲपला दोन, तेही चित्रांसाठी. अहवालाला शून्य. दुसऱ्या बाईंना पाच. पुढच्या टप्प्यासाठी रोज फोन येतोय. सून त्यांना एकच विचारते की याच बाई असतील का, आणि पलीकडून उत्तर येतं की आमच्या सगळ्याच शिक्षिका उत्तम आहेत. अजून पैसे भरलेले नाहीत. तोवर खोके चालू आहेत, आणि काल मी सानूशी इंग्रजी बोलायला गेले तर ती म्हणाली, "आजी, तू दोन चिमटे लावलेस."