योनेक्स एअरोबाइट: तार चांगलीच, पण गटिंग चार गाठींचंच

एअरोबाइट ही योनेक्सची बॅडमिंटन रॅकेटची तार. तिच्या पाकिटात एकाच रॅकेटसाठी दोन वेगवेगळ्या तारा असतात. उभी तार ०.६७ मिमी जाडीची, हाताला खरखरीत लागणारी. आडवी फक्त ०.६१ मिमीची. योनेक्सचीच बीजी ६५ ही ०.७० मिमीची तार डोळ्यासमोर आणली की आडवी तार किती बारीक आहे ते लक्षात येईल. तारा दोन, म्हणजे टोकं चार आणि गाठीही चार. दोन गाठींचं गटिंग (रॅकेटला तार भरणं) इथे होऊच शकत नाही, आणि या तारेचं निम्मं यश गटिंग कोण करतो यावर ठरतं.

साध्या तारेच्या बाबतीत मात्र 'दोन गाठी की चार' या प्रश्नाला खेळाडू उगाच डोक्यावर घेतात. १० मीटरच्या पाकिटातून एका बाजूला साधारण ३ मीटर सोडायचं, २२ उभ्या तारा भरायच्या आणि लांब बाजूनेच आडव्या विणत जायचं, हे झालं दोन गाठींचं गटिंग. तीच तार सुमारे ५.३ आणि ४.७ मीटरमध्ये कापली की चार गाठींचं. टेन्शन (तारेचा ताण) सारखं असेल तर खेळताना हाताला फरक कळणार नाही. निवड खरं तर फ्रेमने करायची असते. शेवटची उभी तार जिथून बाहेर पडते तिथून आडव्या सुरू करता येत नसतील, तर तार फ्रेमच्या बाहेरून लांबवर फिरवावी लागते. अशा वेळी सरळ कापून चार गाठी माराव्यात. आडव्या वरून खाली न्यायच्या की खालून वर, ते त्या मॉडेलच्या कंपनीच्या आकृतीप्रमाणे.

एअरोबाइटवर दुकानात काय बिघडू शकतं? सगळ्यात हास्यास्पद चूक म्हणजे उभ्या-आडव्या तारांच्या वेटोळ्यांची अदलाबदल. नख फिरवून पाहिलं तर ती टळते. दुसरी चूक गाठीच्या जागेची. प्रत्येक ग्रोमेटमध्ये (फ्रेमच्या भोकातल्या प्लास्टिकच्या नळीत) दोन तारा मावत नाहीत. मग टोच्या घालून भोक मोठं केलं जातं आणि आतली तार सोलली जाते. तिथे ती दोन-चार दिवसांत तुटते आणि दोष तारेच्या माथी येतो. आडव्या तारेची सुरुवातीची गाठ लहान मारली तर ओढताना ती ग्रोमेटच्या आत शिरते. त्यापेक्षा सुरुवातीला स्टार्टिंग क्लॅम्प (तारेचं टोक धरून ठेवणारा चिमटा) लावून गाठ नंतर मारणारा गटिंगवाला बरा.

विणताना घाई केली तर खरखरीत उभ्या तारांवर घासून बारीक आडवी तार भाजते. ती कमानीसारखी वाकवून, घासण्याची जागा सतत बदलत ओढायला हवी.

टेन्शन सांगताना दोन आकडे सांगा: उभ्या २४ पाउंड, आडव्या २६. उभ्या तारांनी फ्रेम वरून-खालून दबते आणि रुंदीला फुगते. आडव्यांचे २ पाउंड जास्तीचे तिला पुन्हा आकारात आणतात. मात्र रॅकेटवर छापलेली कमाल मर्यादा मोठ्या आकड्यालाही लागू असते. मशीनवर फ्रेमला सहा आधार असावेत. दोनच आधारांच्या मशीनवर २६ पाउंड मागणं म्हणजे फ्रेमवर अन्याय.

नीट गटिंग झालं तर तार खेळायला मजेदार आहे. स्लाइस ड्रॉप (शटल तिरकं कापून नेटजवळ टाकणं) आणि नेटवरच्या फिरत्या शटलला खरखरीत तारांची पकड लगेच जाणवते. दुहेरीत पुढे खेळणाऱ्याला ती आवडेल. नुसत्या स्मॅशसाठी घेणार असाल तर बीजी ८० वर (०.६८ मिमी) पैसे घाला, तिचा फटका जास्त कडक बसतो. आणि ज्यांचं शटल वारंवार फ्रेमजवळ, वरच्या टोकाला लागतं त्यांनी एअरोबाइटच्या वाटेला जाऊ नये. तिथला एक चुकीचा फटका ०.६१ मिमीच्या तारेला पुरतो. टिकण्यात बीजी ६५ शी तिची तुलनाच नको.

रॅकेट हातात आली की दुकानातच पाहून घ्या: गाठी चार आहेत का, विणीत लागोपाठ दोन तारा एकाच बाजूने गेल्यात का, दाभणाच्या टोकासारखा ओरखडा कुठे दिसतो का. तशाच मॉडेलच्या दुसऱ्या रॅकेटवर ठेवून फ्रेमची रुंदीही ताडून बघा. पहिल्या दिवसात टेन्शन थोडं उतरतंच, त्यासाठी भांडायला जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवलीत तर ते आणखी उतरेल.

तार तुटली की उरलेल्या लगेच कापा. सुरुवात मधून करायची, एक उभी, एक आडवी, असं बाहेरच्या बाजूला जायचं. एकाच बाजूच्या सगळ्या आधी कापल्या तर दुसऱ्या बाजूचा ताण फ्रेम वाकवतो.